वेंगुर्ल्याची कचऱ्याची शिस्त जळगावच्या उन्हात कशी टिकवावी?

माहेर_वेंगुर्ले यांचा प्रश्न

नमस्कार. माझे माहेर वेंगुर्ल्याचे आणि सासर जळगावचे. येथे येऊन आता दोन वर्षे होतील. माहेरच्या नगरपरिषदेने साधारण 2015 च्या सुमारास कचऱ्याचे घरातच वर्गीकरण करण्याची शिस्त लावली. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस, पाल्यापाचोळ्याचा कांडी कोळसा आणि पातळ प्लास्टिकचे तुकडे करून ते रस्त्याच्या डांबरात, अशी प्रत्येकाची वाट ठरली आणि जेथून नाक धरून जावे लागे तो कचरा डेपो लोक मुद्दाम पाहायला येऊ लागले. आमच्या घरात तर त्याआधीही फारसे वाया जात नसे. माशांची पोटे, खवले आणि कोळंबीची टरफले माडाच्या आळ्यात खोल पुरायची, सोडणे, म्हणजे नारळावरची काथ्याची साले, चुलीत घालायची आणि चांगली निघालेली करवंटी डाव (पळी) करण्यासाठी ठेवायची, हा आजीच्या काळापासूनचा रिवाज होता. शिवाय समुद्रकाठच्या माणसाला कचरा टाकून दिला असे म्हणताच येत नाही, कारण पावसाळ्यात उधाण आले की चपला, बाटल्या आणि जाळ्यांचे तुकडे पुन्हा किनाऱ्यावर येऊन पडतात.

येथे मात्र माझे काही केल्या जमत नाही. आईने शिकवल्याप्रमाणे मी भोके पाडलेल्या माठात भाजीपाल्याचा कचरा आणि वाळका पाला यांचे थर देते. तिकडे त्या माठाचा चिखल होऊ नये म्हणून जपावे लागे. इकडे मार्च लागला की आतला कचरा कुजण्याऐवजी वाळू लागतो, आणि एप्रिलमध्ये झाकण काढले तर बटाट्याच्या साली उडदाच्या पापडासारख्या कडक झालेल्या होत्या. विकत आणलेली गांडुळे आठवडाभरात मेली. दुसरी अडचण पाण्याची आहे. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे दुधाच्या पिशव्या धुताना सासूबाई हटकतात आणि त्यांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. तिसरी अडचण मनाला अधिक लागते: मी दोन बादल्या वेगळ्या ठेवते आणि घंटागाडीवाला माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही एकाच कप्प्यात उपडी करतो. त्यावर शेजारून ऐकायला मिळते की समुद्र येथून कोठे, आणि तुम्ही कशाला एवढी यातायात करता. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

हतनूरकाठ (भुसावळ)

ताई, तुमच्या हातून चूक झालेली नाही, चूक माठाची आहे. ज्या गुणामुळे माठातले पाणी थंड राहते त्याच गुणामुळे तुमचे खत वाळते. भाजलेल्या मातीतून ओलावा सतत बाहेर पाझरून उडून जातो; तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या सिंधुदुर्गात ते वरदान आहे, पण वर्षाला जेमतेम सातशे मिलिमीटर पाऊस आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांचा पारा असलेल्या आपल्या भागात तोच दोष ठरतो. म्हणून फेब्रुवारी ते जून या काळात माठाऐवजी जुना प्लास्टिकचा ड्रम किंवा रंगाची मोठी बादली घ्यावी, बाजूला मोजकीच भोके पाडावीत आणि दुपारचे ऊन मुळीच लागणार नाही अशा भिंतीच्या आडोशाला ती ठेवून वर ओले गोणपाट टाकावे.

अंगण असेल तर ड्रमचीही गरज नाही, खड्डा करावा. शंभर वर्षांपूर्वी इंग्रज शेतीतज्ज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला, म्हणजे सातपुडा आणि विंध्य ओलांडले की आपल्या शेजारीच, कंपोस्टची जी पद्धत बसवली तिच्यात कोरड्या दिवसांत खड्डा आणि पावसाळ्यात जमिनीवर ढीग असाच भेद केलेला आहे. कोकणात खड्डा केला तर त्याची विहीर होते. खानदेशातला जुना उकिरडा खड्ड्यात असे तो उगाच नव्हे.

ओलाव्याची परीक्षा सोपी आहे. कुजत असलेले मिश्रण मुठीत घट्ट दाबावे. बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये आणि मूठ उघडल्यावर गोळा लगेच फुटू नये. त्यासाठी नळाचे पाणी कधीही वापरू नये. तांदूळ-डाळ धुतल्याचे आणि भाजी धुतल्याचे पाणी पुरते, आणि रावेर-यावलकडे कोणी ओळखीचे असेल तर त्याहून उत्तम उपाय हाताशी आहे: घड काढल्यावर शेतात पडून राहिलेल्या केळीच्या खांबाचे बारीक तुकडे मागवावेत. तो खांब नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतो आणि ते पाणी तो हळूहळू सोडतो. मी चार वर्षे उन्हाळा याच खांबांवर काढतो आहे.

पाल्याची बेगमी मात्र आधी करावी लागते. कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, तेव्हाच पोती भरून ठेवावीत आणि एक भांडे स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर दोन भांडी पाला असे प्रमाण धरावे. भरिताच्या वांग्यांच्या जळक्या साली खुशाल टाकाव्यात. शेवभाजीचा तेलकट रस्सा टाकू नये, त्याने वास आणि उंदीर दोन्ही येतात. गांडुळांचे म्हणाल तर पस्तीस अंशांच्या पुढे ती तगत नाहीत. ती पावसाळा सरताना आणावीत आणि पुढच्या फेब्रुवारीत केळीच्या किंवा अळवाच्या बुंध्याशी सोडून द्यावीत.

दाणावाला (जळगाव)

मी प्लास्टिकच्या दाण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या अडचणीबद्दल लिहितो. आपल्या जळगावची चटई देशभर जाते, पण ती बऱ्याच अंशी लोकांनी टाकलेल्या प्लास्टिकपासून होते हे जळगावकरांनाही अनेकदा ठाऊक नसते. भंगारात आलेला पॉलिप्रॉपिलिनचा माल निवडतात, दळतात, धुतात, वितळवून त्याचा दाणा करतात, त्या दाण्यापासून पट्टी ओढतात आणि ती मागावर विणतात. यात धुण्याचे काम कारखान्यात होतेच; म्हणून घरी पिशवी लख्ख करण्याची काही आवश्यकता नाही. आम्हाला हवे असते ते एवढेच की तिच्यात अन्न नसावे आणि ती कोरडी असावी. एक ओली, आंबलेली पिशवी पोत्यातल्या बाकीच्या मालाचीही किंमत घालवते.

दुधाच्या पिशवीसाठी पाव वाटी पाणी पुष्कळ झाले. ते आत खळबळून कणकेत किंवा चहाच्या भांड्यात ओतावे, म्हणजे सासूबाईंची तक्रार उरणार नाही. दूधही वाया जात नाही, हे त्यांना आधी सांगावे. मग पिशवी तारेला उलटी अडकवावी. येथे तुमच्या माहेरापेक्षा आपली बाजू वरचढ आहे, कारण कोकणात पावसाळ्याचे चार महिने काही वाळत नाही आणि आपल्याकडे बहुतेक दिवस ती अर्ध्या तासात कडकडीत होते. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, तो पिशवीलाच लोंबता ठेवावा. तो इवलासा त्रिकोण कोणीही वेचत नाही आणि तो थेट गटारात जातो.

वस्तूच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो, तो पाहण्याची सवय लावावी. पाण्याच्या बाटलीवर 1, शाम्पूच्या जाड बाटलीवर बहुधा 2, दुधाच्या पिशवीचा वर्ग 4 आणि डब्यांचा बहुधा 5. 3 हा आकडा पीव्हीसीचा आहे आणि तो बाकी मालात मिसळू देऊ नये: पॉलिप्रॉपिलिन ज्या उष्णतेवर आम्ही वितळवतो त्या उष्णतेवर पीव्हीसी करपते, आम्लाची वाफ सोडते आणि सगळा घाणा नासवते. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना भंगारात गिऱ्हाईक नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ती सिमेंटच्या भट्टीत जाळण्याखेरीज दुसरी वाट मला माहीत नाही. ती घरात कमी आणणे एवढेच आपल्या हाती आहे.

घंटागाडीबद्दल माझे मत थोडे कडू आहे. 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग वेगळे देणे प्रत्येक घरावर बंधनकारक केले होते, पण गाडीला एकच कप्पा असेल तर असा नियम कागदावर राहतो. त्यामुळे गाडीवाल्याशी रोज भांडण्यापेक्षा सुका माल गाडीत देऊच नये. घरात दोन पोती ठेवावीत आणि महिन्यातून एकदा भंगारवाल्याला किंवा गल्लीत येणाऱ्या कचरा वेचक बाईंना द्यावीत. दर रोज खालीवर होतो, म्हणून त्यातून चार पैसे सुटतील अशी आशा ठेवू नये. ओला कचरा ड्रममध्ये आणि सुका पोत्यात गेल्यावर गाडीच्या वाट्याला फारच थोडे उरते. त्यातली सॅनिटरी पॅड मात्र कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून द्यावीत, कारण ती हाताळणारी शेवटी माणसेच असतात.

प्रकाशेकर (शहादा)

समुद्र येथून कोठे, असे विचारणाऱ्या शेजाऱ्यांसाठी लिहितो. जळगावचा नाला गिरणेला मिळतो आणि गिरणा तापीला. मुलताईहून निघालेली तापी सुमारे 724 किलोमीटर वाहून सुरतेपुढे डुमसजवळ अरबी समुद्राला मिळते. म्हणजे ज्या समुद्रावर ताईंचे माहेर आहे त्याच समुद्राला. पुरात तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की वरच्या गावांनी काय काय वापरले ते आम्हाला सारंगखेड्याच्या आणि प्रकाशाच्या बॅरेजवर दिसते. अर्थात सगळे समुद्रापर्यंत जाते असे मी म्हणणार नाही. बरेचसे बॅरेजमध्ये आणि पुढे उकाई धरणाच्या फुगवट्यात अडकते, आणि त्या फुगवट्याचे पाणी नंदुरबार जिल्ह्यातही आहे, तेव्हा ते आमच्याच मासेमारांच्या जाळ्यांत येते.

एक सूचना करतो. प्रकाशाला दर्शनाला येणारे लोक निर्माल्य पिशवीसकट नदीत सोडतात. फुले घरच्या ड्रममध्ये घालावीत. नदीला एखादे फूल वाहिले तरी भाव पोहोचतो. हारातला दोरा आणि जरीची पट्टी मात्र आधी काढावी.

अण्णा_धुळे

एवढे सगळे करण्यापेक्षा आमच्याकडे प्लास्टिक बंबात जाते आणि पाणी फुकट तापते.

दाणावाला (जळगाव)

अण्णा, फुकट नाही. पिशवीबरोबर पीव्हीसीची एखादी जुनी चप्पल किंवा पाइपाचा तुकडा गेला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन ही विषारी द्रव्ये निघतात, आणि बंब बहुधा न्हाणीच्या दारातच असतो. त्या धुराचा पहिला घास घरच्यांनाच मिळतो. शिवाय त्या वाफेने बंबाची नळी कुरतडली जाते. कपाशीच्या काड्या संपल्या का?

माहेर_वेंगुर्ले

सर्वांचे मनापासून आभार. गच्चीवरचा जुना रंगाचा ड्रम न्हाणीमागच्या सावलीत आणला आहे आणि भाचा यावलहून केळीचे खांब आणून देणार आहे. पाव वाटी पाणी चहात ओतण्याची युक्ती सासूबाईंनी काही न बोलता स्वतःच उचलली. आता एकच शंका उरली आहे. दर दोन महिन्यांनी माहेरहून नारळांचे पोते येते. करवंट्यांचे काम होते, पण सोडणांचा ढीग साचला आहे. दाणावाला दादांनी बंबाचा विषय काढलाच आहे, तर ती बंबात घालावीत का?

दाणावाला (जळगाव)

अवश्य घालावीत. त्याहून चांगले सरपण जळगावात मिळणार नाही.

हतनूरकाठ (भुसावळ)

सगळी घालू नका. निम्मी रात्रभर भिजवून ड्रमच्या तळाशी अंथरा; पाणी धरून ठेवण्यात काथ्याची बरोबरी कडुनिंबाचा पाला करू शकत नाही. आणि एक पोते भुसावळला पाठवता आले तर केळीचे खांब मी स्टेशनवर आणून देतो.