मदत हवी आहे: फेलनी (म्हणजे गंभीर गुन्हा) सिद्ध झालेल्या भावाला मत देता येईल का?

टँपाकर: सोमवारी नोंदणी बंद होतेय, लवकर सांगा. धाकट्या भावावर फेलनी आहे, भोगून झाली. अर्जात 'मी फेलन नाही, किंवा असल्यास माझा हक्क परत मिळाला आहे' अशी ओळ आहे, तिथे तासभर पेन धरून बसलाय. खूण करू दे का?

गोदाकाठ: राज्य कुठलं? नागरिक की ग्रीन कार्ड?

टँपाकर: नागरिक. फ्लोरिडा.

मनमोकळा: मग करू दे! फ्लोरिडाच्या राज्यघटनेची २०१८ची चौथी दुरुस्ती जवळजवळ ६५ टक्के मतांनी पास झालीय. खून आणि लैंगिक गुन्हे सोडून सगळ्यांना हक्क परत.

सह्याद्री_७: अर्धवट सांगू नका. २०१९च्या कायद्याने दंड, कोर्टाची फी, भरपाई, सगळं फेडावं लागतं. ऑगस्ट २०२२मध्ये हक्क नसताना मत दिलं म्हणून २० जणांना अटक झाली, कित्येकांच्या हातात मतदार कार्ड होतं.

मनमोकळा: पैसे नाहीत म्हणून मत नाही, हे पटतं तुम्हाला?

सह्याद्री_७: नाही पटत. पण खोटी शपथ ही तिथे पुन्हा फेलनीच. ताई, बाकी किती आहे?

टँपाकर: कोर्टाच्या क्लार्कच्या कागदावर १,८४० डॉलर. हप्ते चालू आहेत.

सह्याद्री_७: उसने घ्या, पण आधी फेडा.

वऱ्हाडी: आपल्याकडे भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५)नुसार कोठडीत असेपर्यंतच मत नाही. जामिनावर सुटलेला देऊ शकतो. पण कच्च्या कैद्यालाही मत नाही, हे मला फार लागतं.

गोदाकाठ: ताई, तो क्लार्क कुठला? खटला कुठे चालला?

टँपाकर: न्यू जर्सीत. तेव्हा एडिसनला राहायचो. त्याने काय होतं?

गोदाकाठ: सगळं त्यावरच आहे! बाहेरच्या राज्यातली शिक्षा असेल तर फ्लोरिडा त्या राज्याचा नियम बघतं. न्यू जर्सीत २०२०पासून तुरुंगाबाहेर आलेल्याला मत आहे, प्रोबेशन (तुरुंगाबाहेर देखरेखीखालची शिक्षा) चालू असलं तरी. ट्रम्प यांना न्यूयॉर्कमध्ये दोषी ठरवलं, तरी २०२४ला त्यांनी फ्लोरिडात मत दिलं ते याच नियमाने. राज्याचं कोर्ट होतं ना, फेडरल नाही?

टँपाकर: राज्याचंच.

गोदाकाठ: मग थकबाकी आड येत नाही. तरी उद्या सकाळी काउंटीच्या निवडणूक कार्यालयात निकालपत्र घेऊन जा, विचारा आणि तिथेच अर्ज द्या.

सह्याद्री_७: हे मला माहीत नव्हतं. उसने घेऊ नका, ताई.

टँपाकर: त्याला वाचून दाखवलं. कागद शोधतोय.

ऑस्टिनची_आई: आमच्या टेक्ससात प्रोबेशन संपेपर्यंत नाही. मुलाची अजून दोन वर्षं आहेत.