कागदं कॉपी झाली म्हणतोय, पण मोबाईलात दिसंनात

गावभागातला
नमस्कार मंडळी, सांगलीतनं लिहितोय. घर गावभागात, म्हणजे नदीचं काय ते सांगायला नको. २०१९ ला आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचा सीपीयू खालच्या खोलीतच राहिला, पाणी उतरल्यावर उघडला तर आत फॅनला सुद्धा गाळ चिकटलेला. नंतर नवा घेतला, पण तेव्हापासनं कोयनेचे दरवाजे उचलले अशी बातमी आली की वडील भांडीकुंडी राहू देत पण आधी कॉम्प्युटर माळ्यावर चढव म्हणून मागं लागतात. यंदा म्हटलं ही चढउतर नको, सातबारा, फेरफार, घराचं खरेदीखत, पॉलिश्या सगळं स्कॅन करून ठेवलंय ते मोबाईलातच घेऊ. केबल लावली, 'सगळी कागदं' नावाचा अख्खा फोल्डर कॉपी केला, हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली, काही एरर नाही. आणि मोबाईलात बघतोय तर काहीच दिसंना. गॅलरी बघितली, डाउनलोड बघितलं, फोन बंद करून चालू केला. गंमत म्हणजे परत केबल लावली की कॉम्प्युटरवर मोबाईलच्या आत तो फोल्डर दिसतोय, फाईली सगळ्या आहेत. म्हणजे आहे पण आणि नाही पण, असं कसं काय हो?

कंदी पेढा
केबल बघा आधी. गाडीवर ५० रुपयाला मिळते तिच्यात नुसत्या चार्जिंगच्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन नसतातच. आणि केबल लावल्यावर वरनं नोटिफिकेशन खाली ओढून 'फाईल ट्रान्सफर' केलं का? नाहीतर फोन गपगार चार्जिंग करत बसतो.

गावभागातला
दादा ते सगळं झालंय, नाहीतर कॉम्प्युटरवर फोल्डर दिसला असता का

कंदी पेढा
व्हय, ते बी खरं. अर्धवट वाचलं मी

मिरजेचा मेकॅनिक
दुकानात दर आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक हेच घेऊन येतं. पहिली गोष्ट, गॅलरीत फोटो आणि व्हिडिओच दिसतात, पीडीएफ गॅलरीत जन्मात दिसणार नाही, त्याला फाईल मॅनेजर उघडायचा, 'फाईल्स' किंवा 'माय फाईल्स' असं काहीतरी नाव असतं. पण तुमचं दुखणं वेगळं वाटतंय. कॉम्प्युटरवरनं फोनमधल्या कुठल्या फोल्डरात टाकलं ते जरा नीट सांगा, एकेक पायरी.

गावभागातला
फोन उघडला, 'इंटर्नल स्टोरेज' उघडलं, आत वीसेक फोल्डर. फोन अँड्रॉइडचा आहे म्हणून 'अँड्रॉइड' उघडलं, त्यात 'डेटा' दिसलं. म्हटलं आपला डेटाच आहे की, टाकला तिथं.

मिरजेचा मेकॅनिक
😂😂 माफ करा राव, पण तुमचं लॉजिक बरोबर आहे, नाव ठेवणाऱ्याचं चुकलंय. ती 'डेटा' खोली ॲपांची आहे, तुमची नाही. अँड्रॉइड ११ पासनं गूगलनं तिला कुलूप लावलंय, एका ॲपनं दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये म्हणून, त्यामुळं फाईल मॅनेजरला पण आतलं दिसत नाही. केबलनं कॉम्प्युटर मात्र मागच्या दारानं आत जातो, म्हणून तिथं दिसतंय.
आता असं करा, तिथनं ओढून आणायच्या भानगडीत पडू नका. कॉम्प्युटरवरचाच मूळ फोल्डर परत कॉपी करा आणि यावेळी 'डॉक्युमेंट्स' मध्ये टाका, ते नसेल तर 'डाउनलोड' मध्ये. फोनचं लॉक उघडं ठेवा, लॉक असला की कॉम्प्युटरला फोन रिकामा दिसतो. कट करू नका, कॉपीच करा, मधेच केबल हलली तर इकडचं पण जायचं आणि तिकडचं पण. फोनवर चार फाईली उघडून बघा, मगच डेटातला फोल्डर उडवा, आणि उडवताना फक्त तुमचाच, शेजारचे ॲपवाले फोल्डर सोडा.

गावभागातला
सापडलं!! डॉक्युमेंट्समध्ये टाकलं, फाईल मॅनेजरमध्ये लगेच आलं. स्कॅन सगळे उघडतायत. पण नवीन भानगड, वडिलांनी टाईप करून घेतलेले अर्ज आणि वाटणीचा मसुदा वर्डमध्ये आहेत, ते उघडले तर मराठी गायब, नुसती इंग्रजी अक्षरं, डॉलरची खूण, मधेच कंस. फाईल खराब झाली का काय?

डीटीपीवाली ताई
खराब नाही झाली, श्रीलिपीत टाईप केलंय ते. कोर्टाजवळ पंधरा वर्षं हेच काम करतेय म्हणून खूण ओळखीची आहे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी हे जुने फॉन्ट म्हणजे आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरनं मराठीचा मुखवटा. कॉम्प्युटरवर फॉन्ट आहे म्हणून तिथं मराठी दिसतं, मोबाईलात तो नाही म्हणून मुखवटा गळून पडतो. ज्या कॉम्प्युटरवर नीट दिसतंय तिथंच फाईल उघडून प्रिंट द्या, प्रिंटरच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा, विंडोज १० आणि ११ मध्ये ते आधीपासनंच असतं. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सोबत जातात, मग कुठंही उघडा.
एक लक्षात ठेवा, ती पीडीएफ दिसायला मराठी असली तरी आतला मजकूर सर्चला सापडत नाही, म्हणून फाईलला नाव धड द्या. 'स्कॅन ००१७' असलं ठेवलं तर तलाठ्यासमोर उभं राहून शंभर फाईली उघडत बसाल. 'सातबारा', पुढं गट नंबर, पुढं वर्ष, बास.

विट्याचा दुष्काळी
आमच्याकडं पाणी यायची वाट बघतात, तुमच्याकडं जायची 😀 पण एक सांगू का, मोबाईल पण पाण्यात पडतो. गूगल ड्राइव्हला एक कॉपी टाका, १५ जीबी फुकट आहे, जीमेल आणि फोटो धरून, कागदांना भरपूर झालं. पण पुरात लाईट जाते, टॉवर बंद पडतो, तेव्हा ड्राइव्ह उघडणार नाही, म्हणून महत्त्वाच्या पाचसहा फाईलींवर तीन टिंबं दाबून 'ऑफलाईन' करून ठेवा. आणि एक पेनड्राइव्ह आमच्याकडं ठेवा, कृष्णा विट्यापर्यंत येत नाही याची गॅरंटी.

कंदी पेढा
व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलं असतं तर एवढा खटाटोप झाला नसता

मिरजेचा मेकॅनिक
पाचदहा फाईलींना ठीक आहे, अख्ख्या फोल्डरला नको. चॅटमध्ये वरखाली करत बसायचं, शिवाय फोन बदलला आणि बॅकअप नसला की सगळं गेलं.

गावभागातला
सगळ्यांचे लय आभार. ताई, अर्ज पीडीएफ केले, मराठी एकदम झकास दिसतंय. पेनड्राइव्ह आत्याकडं पाठवतोय, ती पण विट्याचीच आहे. वडिलांना फोनवर सातबारा दाखवला, त्यांनी बोटांनी मोठा करून गट नंबर वाचला, क्षेत्र वाचलं, आजोबांच्या नावावर थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, बरं झालं, आता कॉम्प्युटर माळ्यावर ठेव.