नेरुळ : घरट्यातून पडलेलं गव्हाणी घुबडाचं पिल्लू वर ठेवायचं की वनखात्याकडे द्यायचं? (तातडीचं)

सीवूडची_मनू

नेरुळमध्ये कुणी पक्ष्यांचं काम करणारं असेल तर कृपया वाचा.

आमच्या सोसायटीत लिफ्टच्या मशीनरूममागे एक बंद पडलेला झरोका आहे. त्यात गव्हाणी घुबडांनी घर केलंय. आज पहाटे वॉचमन काकांना पार्किंगमध्ये स्कूटरमागे त्यांचं एक पिल्लू सापडलं. अंगभर पांढरी लव, पंखांवर नुकती फुटायला लागलेली पिसं, आणि जवळ गेलं की प्रेशर कुकरसारखं फुस्स करतं. रक्त कुठे दिसत नाही. दोन्ही पंख सारखे मिटतात, पायांवर उभं राहतं. भोकं पाडलेल्या खोक्यात जुनी चादर घालून अंधाऱ्या खोलीत ठेवलंय. मांजरांमुळे खाली ठेवायची सोय नाही, आणि उजाडल्यावर कावळ्यांनी उच्छाद मांडला होता.

वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन केला. नोंद झाली, माणूस संध्याकाळपर्यंत येईल म्हणाले. वरून अजून पिल्लांचे आवाज येतात, म्हणजे भावंडं आहेत.

खरी अडचण कमिटीची आहे. "वनखात्याचे येतायत ना, मग सगळीच देऊन टाका आणि झरोका बुजवा" असं सेक्रेटरींचं म्हणणं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना रात्रीच्या किंकाळ्यांनी झोप येत नाही, शिवाय घुबड म्हणजे अपशकुन. रात्री आठला मीटिंग ठेवलीय. मला विचारायचंय ते हे : पिल्लू धडधाकट असेल तर परत वर ठेवलेलं चालतं का? माणसाचा हात लागला की आईबाप टाकून देतात असं सगळेच सांगतायत. तोपर्यंत खायला काय देऊ? घरी चिकन आहे.

खाडीकाठ

पाणी, दूध, काही काही तोंडात घालू नका. ड्रॉपरने पाणी पाजलं की श्वासनलिकेत जातं आणि चांगलं पिल्लू मरतं. खोकं उघडून सारखं बघू नका, मुलांना फोटो काढू देऊ नका. हात घालायचा झाला तर जाड टॉवेल घ्या, चोचीपेक्षा नख्या वाईट.

पिंगळावेळ

मनू, हात लागल्याने टाकून देतात ही समजूत खोटी आहे, ती डोक्यातून काढ. पण गव्हाणीची एक गोष्ट वेगळी आहे. कावळ्याचं किंवा बुलबुलचं पिल्लू खाली पडलं तर आईबाप तिथे येऊन भरवतात, म्हणून ते जवळच्या झुडपावर ठेवलं तरी भागतं. गव्हाणी घुबडं बहुतेक वेळा घरट्याबाहेरच्या पिल्लाकडे बघतही नाहीत. त्यामुळे पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवून वाट बघण्यात अर्थ नाही. जखम नसेल तर ते त्याच झरोक्यात गेलं पाहिजे. वनखात्याचा माणूस येईल तेव्हा त्याला हेच सांग. पशुवैद्याने एकदा तपासलेलं बरं, छातीचं हाड हाताला टोचत असेल तर ते उपाशी आहे. मग थोडे दिवस उपचार आणि त्यानंतर परत घरी.

चिकनचं म्हणशील तर एखाद्या वेळचं संकट टळेल, पण ते यांचं अन्न नव्हे. ही उंदीर अख्खा गिळतात आणि केस-हाडांची गोळी ओकून टाकतात. नुसत्या बोनलेसवर वाढवलेल्या पिल्लांची हाडं कॅल्शियमअभावी वाकतात. संध्याकाळपर्यंत सोय होणार असेल तर काहीच देऊ नकोस.

सगळी उचलून न्यायचा आग्रह मात्र हाणून पाड. सुदृढ पिल्लं घरट्यातून काढणं ही सुटका नव्हे. माणसाने वाढवलेल्यांना शिकार शिकवून सोडणं हे महिन्यांचं काम असतं. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली घुबडांना संरक्षण आहे, कमिटीने ठराव करून घरटं हलवता येत नाही.

खाडीकाठ

एक राहिलं. सोसायटीत एवढ्यात उंदरांचं औषध टाकलंय का? विष खाल्लेला उंदीर पिल्लाच्या पोटात गेला तर रक्त गोठत नाही. पिल्लू मलूल वाटलं, चोचीतून किंवा पिसांच्या मुळाशी रक्त आलं तर डॉक्टरला आधी हे सांगा. व्हिटॅमिन के हा त्यावरचा उतारा आहे.

अर्धा_कोकणी

काकूंना सांगा, लक्ष्मीचं वाहन आहे, हाकलू नये 😀 आमच्या आजीकडे तर घुबडाला दगड मारायचीही बंदी होती. तो दगड झेलून घासत बसतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो म्हणे. पटो न पटो, घुबडं वाचली.

सीवूडची_मनू

सगळ्यांचे आभार. पेस्ट कंट्रोल गेल्या आठवड्यातच झालंय, हे लक्षातच आलं नव्हतं. पिल्लू अजून तरतरीत आहे, पण डॉक्टरांना सांगतेच. झरोक्याखाली पत्र्यावर त्या केसाळ गोळ्यांचा ढीग पडलाय, आजवर आम्ही मांजरीची घाण समजत होतो. त्यातल्या दोन फोडल्या, उंदरांच्या कवट्या निघाल्या. मीटिंगला पिशवीतून घेऊन जाते. बिल भरून विष आणण्यापेक्षा हे फुकट काम करतायत, हे सेक्रेटरींना कायद्यापेक्षा लवकर पटेल.

पिंगळावेळ ताई, झरोका बुजवायचाच म्हणाले तर कधी?

पिंगळावेळ

सगळी उडून गेल्यावर. अंड्यातून निघाल्यापासून साधारण आठ ते दहा आठवडे लागतात, आणि अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, म्हणून धाकट्याचा हिशोब धर. बुजवण्याआधी गच्चीच्या सावलीच्या बाजूला लाकडी पेटी बसवून घ्या. भोकापासून तळापर्यंत निदान दीड फूट खोल हवी, उथळ पेटीतून पिल्लं पुन्हा अशीच खाली पडतील. सुताराला माप देताना हे एकच ठासून सांग.