खिलार बैल चालता करायचा आहे: शाळेच्या दहा संगणकांसाठी परवडणारे सॉफ्टवेअर कोणते?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. मी सांगलीतील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीच्या बारा मुलामुलींना बरोबर घेऊन एक छोटा संगणकीय खेळ तयार करण्याचे आम्ही ठरवले आहे. हळदीची पोती भरलेली बैलगाडी शेतातून निघते आणि वाटेतले खड्डे, ओढे चुकवत तिला मार्केट यार्डापर्यंत पोहोचवायचे असते, एवढाच खेळ आहे. मागच्या देखाव्यात आयर्विन पूल हवाच, असा मुलांचा आग्रह आहे. खेळाची जुळणी मुलांना येत असलेल्या स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) होईल, पण चित्रे मात्र आम्हांला स्वतः, पिक्सेल पिक्सेल भरून काढायची आहेत.

आतापर्यंत आम्ही विंडोजमधील पेंट वापरून पाहिले. एखादे स्थिर चित्र काढायला ते पुरते. परंतु बैलाच्या चालीची आठ चित्रे काढायची म्हणजे आठ वेगळ्या फायली होतात, आणि मागच्या चित्रात पाय नेमका कुठे होता हे आठवून पुढचे चित्र काढावे लागत असल्यामुळे आमचा बैल चालत नाही, जागच्या जागी थरथरतो.

संगणक जुने आहेत, चार जीबी मेमरीचे. इंटरनेट मध्येच जाते. खर्चासाठी सगळे मिळून दोन हजार रुपये आहेत. चौकशी केली तेव्हा पिक्सेल चित्रे काढण्याच्या असेप्राइट या सॉफ्टवेअरचे नाव सर्वांत जास्त वेळा ऐकू आले. ते विकत घ्यावे, की मोफत मिळणाऱ्यांपैकी एखादे पुरेल?

यवतेश्वर (सातारा)

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर चित्र काढण्याच्या सोयींपेक्षा चित्र हलवण्याच्या सोयींवर अवलंबून आहे. पेन्सिल, खोडरबर आणि रंग भरण्याची बादली प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. तुम्हांला जे अडते आहे त्यासाठी तीन गोष्टी हव्यात: सगळ्या फ्रेम (हालचालीतली एकेक चित्रे) ओळीने दाखवणारी टाइमलाइन, मागची आणि पुढची फ्रेम पुसट दाखवणारी ओनियन स्किनची सोय, आणि ठरावीक रंगांची पॅलेट. यांतील ओनियन स्किन चालू केली की मागच्या फ्रेममधला खूर फिकट दिसत राहतो आणि पुढचा खूर किती पिक्सेल सरकवायचा हे मुलांना डोळ्यांनी दिसते. तुमच्या बैलाची थरथर बहुतांशी तेवढ्यानेच थांबेल.

असेप्राइट खरोखर उत्तम आहे, आणि मी स्वतः ते विकत घेऊन वापरतो. त्याची किंमत १९.९९ डॉलर आहे. एकट्या माणसाने घेण्यासारखे ते आहे, पण दहा जणांसाठी घ्यायचे झाल्यास रक्कम दोनशे डॉलरच्या घरात जाते, आणि ती तुमच्या तरतुदीत बसणार नाही. त्याची चाचणी आवृत्ती मोफत मिळते, मात्र तिच्यात काम जतन करता येत नाही. मूळ कोड सर्वांसाठी खुला ठेवलेला असल्यामुळे तो आपल्या संगणकावर स्वतः बांधून, म्हणजे त्यातून चालणारे सॉफ्टवेअर तयार करून, घेता येतो, हेही कोणीतरी तुम्हांला सांगेल; परंतु ती मुभा वैयक्तिक वापरापुरती आहे आणि बांधलेली प्रत इतरांना वाटता येत नाही. शाळेत मुलांसमोर परवान्याचा नियम मोडून काम सुरू करणे मला योग्य वाटत नाही.

म्हणून तुम्ही लिब्रेस्प्राइट घ्यावे. असेप्राइटचा कोड २०१६ पर्यंत जीपीएल या मुक्त परवान्याखाली होता. परवाना बदलला तेव्हा त्याआधीच्या शेवटच्या मुक्त आवृत्तीवरून काही जणांनी वेगळी शाखा काढली, तीच ही. त्यामुळे टाइमलाइन, ओनियन स्किन, प्रत्येक फ्रेमला वेगळा कालावधी देण्याची सोय आणि मर्यादित पॅलेटमध्ये काम करण्याची पद्धत हे सगळे त्यात आहे, ते दहाही संगणकांवर विनाशुल्क टाकता येते आणि इंटरनेटवाचून चालते. असेप्राइटमध्ये नंतर आलेल्या सोयी, जसे की टाइलमॅप (छोटे चौकोनी तुकडे जोडून देखावा रचण्याची सोय), त्यात मिळणार नाहीत. तुमच्या खेळाला त्यांची गरजही नाही.

मेमरीची चिंता चित्रांच्या बाजूने करू नका. ४८ बाय ३२ पिक्सेलच्या एका फ्रेमला, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तरी, सहा हजारांच्या आसपास बाइट लागतात. आठ फ्रेमचा अख्खा बैल पन्नास केबीतही मावतो. जड असते ते सॉफ्टवेअर, चित्र नव्हे.

वसंतदादानगर

क्रिटा आणि गिंप ही दोन्ही मोफत आहेत आणि चांगली आहेत, पण ती मोठ्या चित्रांसाठी व छायाचित्रांसाठी घडवलेली आहेत. क्रिटामध्ये अ‍ॅनिमेशनची सोय आहे, तरी चार जीबीच्या संगणकावर ते जड जाईल. गिंपमध्ये प्रत्येक लेयर (एकावर एक ठेवलेल्या चित्रांचा एक थर) हीच एक फ्रेम मानून काम करावे लागते, आणि बारा मुलांना ते समजावण्यातच सुट्टी संपेल.

औदुंबर (पलूस)

वरील मताशी मी सहमत आहे, तरी पिस्केल आणि पिक्सेलोरामा या दोन पर्यायांचा विचार व्हायला हवा असे मला वाटते. दोन्ही मोफत असून दोन्हींचा कोड खुला आहे.

पिस्केलचा गुण असा की लहान मुलाला ते अर्ध्या तासात हाती येते. डावीकडे फ्रेम, मध्ये चित्र आणि उजव्या कोपऱ्यात सतत फिरणारा नमुना, त्यामुळे एक पिक्सेल हलवला की चालीवर काय परिणाम झाला ते लगेच दिसते. ते ब्राउझरमध्ये चालते आणि संगणकावर उतरवून घेण्याची आवृत्तीही आहे. तुमच्याकडे इंटरनेट बेभरवशाचे असल्यामुळे दुसरीच घ्यावी. उणीव अशी की सगळ्या फ्रेमना एकच वेग मिळतो. बैल पाय टेकवतो तो क्षण थोडा लांबवायचा असेल, तर तीच फ्रेम दोनदा ठेवावी लागते.

पिक्सेलोरामा हे गोडो या खेळ बनवण्याच्या इंजिनवर बांधलेले आहे आणि सोयींच्या बाबतीत असेप्राइटच्या बरेच जवळ जाते. मात्र जुन्या संगणकाच्या ग्राफिक्सवर ते नीट उघडते का, हे एका संगणकावर पाहूनच बाकीच्यांवर टाकावे.

आणखी एक कळकळीची सूचना. ब्राउझरमधील एका साधनात मी व माझ्या पुतण्याने तीन आठवडे काम केले होते आणि ते ब्राउझरच्याच साठवणीत राहू दिले होते. कोणीतरी ब्राउझरची माहिती साफ केली आणि सगळे गेले. तुम्ही कोणतेही सॉफ्टवेअर घ्या, पण रोज तास संपताना लेयर आणि फ्रेम शाबूत असलेली मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्यायला लावा, आणि तिच्याशेजारी प्रत्येक फ्रेमची पीएनजीही ठेवा. पीएनजी कुठेही उघडते, त्यामुळे उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी मुलांचे काम अडकून पडणार नाही. जेपीजी मात्र अजिबात वापरू नये, कारण त्यात रंगांच्या कडांना डाग पडतात आणि पारदर्शक पार्श्वभूमी राहत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. शनिवारी दोन संगणकांवर लिब्रेस्प्राइट आणि दोन संगणकांवर पिस्केल टाकून मुलांना दिले. पिस्केल सर्वांना लगेच आवडले. मात्र पाय टेकवण्याचा क्षण लांबवण्याची गरज दुसऱ्याच तासाला भासली आणि त्यासाठी लिब्रेस्प्राइटमध्ये फ्रेमचा कालावधी बदलता येतो हे कळल्यावर मोठी मुले आपणहून तिकडे वळली. तेव्हा आठवीची मुले हळदीची पोती, खड्डे, झाडे पिस्केलमध्ये काढतील आणि बैल व गाडी नववीची मुले लिब्रेस्प्राइटमध्ये करतील. दोन हजार रुपये पेनड्राइव्ह आणि माऊस घेण्यासाठी वापरू.

दोन शंका उरल्या आहेत. स्क्रॅचमध्ये बैल मोठा केला की कडा कधी असमान दिसतात. शिवाय खिलाराची शिंगे लांब आणि मागे वळलेली असतात, ती आमच्याकडून जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये चमकतात.

यवतेश्वर (सातारा)

मोठे करायचे ते चित्राची फाइल सॉफ्टवेअरमधून बाहेर काढतानाच करा, आणि नेहमी पूर्ण पटीत: ४८ बाय ३२ चे चौपट केले की १९२ बाय १२८ होते आणि प्रत्येक पिक्सेल सारखाच राहतो. अडीचपट केले की काही पिक्सेल दोनाचे आणि काही तिनाचे होतात. असमानपणा येतो तो त्यामुळे. स्क्रॅचमध्ये मग आकार शंभर टक्केच ठेवावा. जिफ फाइल चढवली तर स्क्रॅच तिच्या प्रत्येक फ्रेमचा वेगळा कॉस्च्यूम (पात्राचे एक रूप) करून देते, त्यामुळे आठ फायली एकेक करून घेण्याचे कष्टही वाचतील.

शिंगांसाठी मुलांना दोन गोष्टी सांगा. पहिली म्हणजे वक्ररेषेतील तुकड्यांची लांबी क्रमाने कमी व्हावी: चार पिक्सेल, मग तीन, दोन, एक, एक. चार, एक, तीन, एक असे तुकडे पडले की पायऱ्या दिसतात. पेन्सिलीसाठी पिक्सेल-परफेक्टचा पर्याय चालू केला तर कोपऱ्यात पडणारा जादा पिक्सेल आपोआप गळतो. दुसरी गोष्ट म्हणजे शिंगे प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने काढू नयेत. डोके आणि शिंगे वेगळ्या लेयरवर एकदाच काढावीत, त्यांची नक्कल आठही फ्रेममध्ये ठेवावी, आणि चालताना बैल मान हलवतो तेवढ्यापुरते ते सगळे एक पिक्सेल खाली-वर सरकवावे. आकार तोच राहिला की चमक थांबते.

पाय काढताना क्रम डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा असा ठेवा. हळदीच्या पोत्यांची सावली मात्र पिवळ्यात काळा मिसळून करू नका, रंग मळकट हिरवट दिसतो; पिवळ्याकडून नारिंगीकडे आणि तिथून तपकिरीकडे जावे. सोळा रंगांच्या पॅलेटमध्ये यासाठी तीन जागा राखून ठेवल्या, तर त्याच तपकिरीतून गाडीचे लाकूड आणि बैलाचे खूरही निघतील.