फायर टीव्ही स्टिक: रिमोटची जोडणी गेली, वाय-फायही बदललेलं. आता स्टिकपर्यंत पोचायचं कसं?

मेघना_के

आई-बाबांच्या टीव्हीला फायर टीव्ही स्टिक (टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत खोचायची अ‍ॅमेझॉनची कांडी) आहे. साधी, फोर-के नाही. रिमोटला आवाजाची बटणं आहेत. सेल बदलल्यापासून बाण, मधलं गोल बटण, होम, बॅक यातलं काहीच चालत नाही. गंमत म्हणजे आवाज कमी-जास्त होतो आणि टीव्ही चालू-बंदही होतो. होम दाबून धरलं तरी पडद्यावर काही हलत नाही.

फोनवर फायर टीव्हीचं ॲप टाकलं, पण त्यात स्टिक दिसतच नाही. मधल्या काळात ब्रॉडबँड बदललं, त्यामुळे राउटर नवा आणि वाय-फायचं नावही नवं. स्टिकला नवं नाव द्यायचं तर रिमोट पाहिजे, आणि ॲपने रिमोट जोडायचा तर स्टिक वाय-फायवर पाहिजे. फॅक्टरी रीसेट मारू का? की बाजारात ‘फायर टीव्हीसाठी’ म्हणून स्वस्तातले रिमोट मिळतात, त्यातला एक आणू?

खटपट्या

दोन्ही नको. रीसेट तर करताच येणार नाही, कारण स्टिकवर रीसेटचं बटण नसतं. तो करायचा म्हणजे बॅक आणि उजवा बाण एकत्र १० सेकंद दाबायचे, आणि त्यासाठी चालू रिमोटच लागतो. ॲपमधून कधी करता आला तरी करू नका. रीसेटनंतर रिमोट जोडला गेला नाही, तर स्टिक कोऱ्या पाटीसारखी ‘रिमोट शोधतोय’ म्हणत बसेल आणि जतन केलेलं जुनं वाय-फायही पुसलं जाईल. तुमची सुटका त्या जुन्या वाय-फायमधूनच होणार आहे.

आवाज चालतो आणि बाण चालत नाहीत, यातच निम्मं निदान झालंय. या रिमोटमध्ये दोन वेगळी यंत्रं आहेत. पॉवर आणि आवाजाची बटणं इन्फ्रारेडने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने, थेट टीव्हीशी बोलतात, त्यात स्टिकचा संबंधच नाही. बाकीची सगळी बटणं आणि माइक ब्लूटूथने स्टिकशी बोलतात. म्हणजे तुमचे सेल अगदीच मेलेले नाहीत, रिमोटही जळलेला नाही, फक्त ब्लूटूथची जोडणी सुटली आहे. (आवाजाची बटणं नसलेल्या लाइट मॉडेलच्या रिमोटला ही परीक्षा लागू नाही.)

आता क्रमाने करा. नुसतं होम दाबून भागत नाही तेव्हा रिमोटमधली जुनी जोडणी आधी पुसावी लागते.

१. स्टिकची वायर अ‍ॅडॅप्टरपासून काढा. टीव्ही बंद करून चालणार नाही, वीजच तोडायची. ६० सेकंद थांबा.
२. रिमोटवर डावा बाण, तीन आडव्या रेघांचं मेनू बटण आणि बॅक ही तिन्ही एकदम दाबून १२ सेकंद धरा. डावा बाण म्हणजे गोल कड्याची डावी बाजू. तिथे अंगठा मध्यावर सरकतो आणि मधलंच बटण दाबलं जातं, म्हणून रिमोट टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी दाबा.
३. सोडा. ५ सेकंद थांबून सेल काढा.
४. स्टिकला वीज द्या आणि पूर्ण ६० सेकंद जाऊ द्या. स्टिक उठून मुख्य पडदा येईपर्यंत ती रिमोटचं काही ऐकत नाही. बहुतेकांची घाई इथेच नडते.
५. सेल घाला, होम एकदा दाबा. रिमोटचा दिवा निळा लुकलुकला तर काम झालं. नाही तर होम १० सेकंद दाबून धरा. नारिंगी दिवा भराभर लुकलुकणं म्हणजे रिमोट शोधतोय, जोडला गेला की निळा होतो.

हे सगळं स्टिकपासून तीन मीटरच्या आत करा. घरात दुसरी फायर स्टिक असेल तर तिची वीज तेवढ्यापुरती काढून ठेवा, नाहीतर हा रिमोट तिच्याशी सोयरीक जमवतो.

देवगडकर

खटपट्यांनी सांगितलेल्या क्रमाने जोडला गेला तर प्रश्नच मिटला. नाही गेला तर आधी स्टिकला वाय-फायवर आणा, त्याला रिमोट लागत नाही. स्टिक जुनं नाव आणि जुना पासवर्ड लक्षात ठेवून असते आणि चालू झाल्यावर तेच शोधत राहते. ते नाव हवेत पुन्हा दिसलं की ती आपणहून जोडली जाते.

सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे नव्या राउटरलाच जुनं नाव आणि जुना पासवर्ड द्यायचा. फोनच्या ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगचं पान उघडायचं, पत्ता त्याच्या तळाच्या स्टिकरवर असतो. बऱ्याच राउटरना १९२.१६८.१.१, जिओफायबरच्या राउटरला १९२.१६८.२९.१. नाव लिहिताना लहान-मोठी इंग्रजी अक्षरं, मोकळी जागा, आडवी रेघ हुबेहूब जुन्यासारखी हवी. एका अक्षराचा फरक पडला तरी स्टिकच्या लेखी ते वेगळं नेटवर्क. तिथेच वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-टू ठेवा. नवे राउटर कधी कधी फक्त डब्ल्यूपीए-थ्रीवर लावलेले असतात आणि जुन्या स्टिकना ते पेलत नाही. या मार्गाचा आणखी फायदा असा की घरातले बाकी फोन, लॅपटॉप, प्रिंटर सगळे गुपचूप परत जोडले जातात.

राउटरला हात लावायचा नसेल तर फोनचं हॉटस्पॉट. त्याला फोन दोन घ्या.

पहिल्या फोनच्या हॉटस्पॉटला जुन्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड द्या, बँड २.४ गिगाहर्ट्झ निवडा. आयफोन असेल तर हॉटस्पॉटचं नाव म्हणजे फोनचंच नाव, ते ‘जनरल’मधल्या ‘अबाउट’मध्ये बदलावं लागतं, आणि हॉटस्पॉटच्या पानावरचं ‘मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी’ चालू ठेवावं लागतं. नाहीतर तो ५ गिगाहर्ट्झवर जाऊन बसतो. मग स्टिकची वीज काढून परत द्या. मिनिटभरात हॉटस्पॉटच्या यादीत एक यंत्र जोडलेलं दिसायला हवं.

दुसरा फोन त्याच हॉटस्पॉटवर घ्या, त्याचा मोबाइल डेटा बंद करा आणि त्यात फायर टीव्ही ॲप उघडा. स्टिकचं नाव दिसलं की त्यावर टिचकी मारा. टीव्हीच्या पडद्यावर चार आकडी कोड येईल, तो ॲपमध्ये टाका. ॲपमध्ये स्टिकच्याच अ‍ॅमेझॉन खात्याने लॉग-इन असू द्या. फोनवर व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमधून वळवणारी सोय) चालू असेल तर बंद करा, आयफोनवर ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी द्या. या दोन गोष्टींमुळे स्टिक समोर असूनही दिसत नाही.

आता पुढचा क्रम चुकवू नका. आधी रिमोट जोडा, वाय-फाय नंतर बदला. ॲपच्या बाणांनी सेटिंग्ज, त्यात ‘रिमोट्स अँड ब्लूटूथ डिव्हायसेस’ (जुन्या स्टिकवर ‘कंट्रोलर्स अँड ब्लूटूथ डिव्हायसेस’), मग ‘अ‍ॅमेझॉन फायर टीव्ही रिमोट्स’, मग ‘अ‍ॅड न्यू रिमोट’. हे पान उघडं ठेवून हातातल्या रिमोटचं होम १० सेकंद धरा. यादीत नाव आलं की गोल बटण दाबा. त्यानंतर नेटवर्कमध्ये जाऊन नवं वाय-फाय निवडा. उलट केलंत तर वाय-फाय बदलताक्षणी ॲपचा धागा तुटेल, आणि फोन नव्या वाय-फायवर नेऊन जोडणी पुन्हा करावी लागेल. अडत काही नाही, पण खेप वाढते.

मेघना_के

तिन्ही बटणं धरून पाहिलं. नारिंगी दिवा लुकलुकतो आणि विझतो, निळा होत नाही. हॉटस्पॉट करायला तयार आहे, पण जुना पासवर्ड कुणाला आठवत नाही आणि जुना राउटर कंपनीच्या माणसाने नेला.

देवगडकर

पासवर्ड घरातच असेल, मेघनाताई. आई किंवा बाबांच्या अँड्रॉइड फोनवर वाय-फायच्या सेटिंगमध्ये ‘सेव्ह्ड नेटवर्क्स’ उघडा. जुनं नाव निवडून ‘शेअर’ दाबलं की फोनचं कुलूप मागतो आणि क्यूआर कोड दाखवतो, बऱ्याच फोनवर त्याखाली पासवर्ड अक्षरांत लिहिलेला असतो. अक्षरांत नसेल तर त्या कोडचा स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनच्या गूगल लेन्सला दाखवा. विंडोज लॅपटॉप त्या वाय-फायवर कधी चालवला असेल तर त्यातही तो जतन असतो.

सोल्डरगन

पासवर्डच्या मागे लागण्याआधी टीव्हीचाच रिमोट वापरून पाहा. एचडीएमआयच्या त्याच वायरीतून टीव्ही आणि स्टिक एकमेकांना हुकूम देऊ शकतात, त्याला सीईसी म्हणतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये मात्र हे नाव क्वचित सापडतं: सॅमसंगवर अ‍ॅनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकवर व्हिएरा लिंक, फिलिप्सवर ईझीलिंक. ते चालू करा, स्टिकच्या इनपुटवर या आणि टीव्हीच्या रिमोटचे बाण दाबा. स्टिकच्या बाजूने ही सोय सहसा चालूच असते. पडद्यावरची निवडीची चौकट हलली की जिंकलात. सेटिंग्जपर्यंत जा आणि वर सांगितलेलं ‘अ‍ॅड न्यू रिमोट’ करा. पासवर्डही टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर निवडून टाकता येतो, वेळखाऊ आहे इतकंच.

आता नारिंगी दिवा लुकलुकून विझतो, त्याबद्दल. रिमोट हाक मारतोय आणि स्टिकपर्यंत ती पोचत नाही, किंवा हाकेत दमच नाही. मी आधी सेलवर संशय घेईन, कारण त्रास सेल बदलल्यावर सुरू झालाय. इन्फ्रारेडचं काम अर्धमेल्या सेलवरही चालतं. ब्लूटूथची जोडणी करताना मात्र रेडिओ सलग काही सेकंद चालू राहतो आणि कमकुवत सेलचा दाब तेवढ्यात खाली बसतो. त्यामुळे आवाजाचं बटण चालतंय म्हणून सेल चांगले, असं धरू नका. किराणा दुकानात घड्याळासाठी म्हणून मिळणारे झिंक-कार्बनचे सेल इथे कुचकामी. वेष्टनावर ‘अल्कलाइन’ लिहिलेले दोन ट्रिपल-ए सेल आणा, दोन्ही एकाच पाकिटातले. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात. एरवी चालतात, पण जोडणी करताना तरी १.५ व्होल्टचे अल्कलाइनच घाला.

सेल घालण्याआधी आतल्या स्प्रिंगा उजेडात बघा. पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड दिसली तर जुना सेल गळलेला आहे. अल्कलाइन सेल गळला असेल तर कापसाच्या काडीवर व्हिनेगरचे एक-दोन थेंब घेऊन पुसा. झिंक-कार्बनचा गळला असेल तर व्हिनेगर नको, पाण्यात कालवलेला खायचा सोडा. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. दबलेली स्प्रिंग चिमट्याने जराशी वर ओढा.

दुसरा संशय स्टिकच्या जागेवर. ती टीव्हीच्या पाठीमागे, पत्र्याच्या आणि भिंतीच्या सांदीत थेट खोचलेली असेल, तर ब्लूटूथ तिथे गुदमरतं. खोक्यात मिळालेली बोटभर लांबीची एचडीएमआय वायर लावून स्टिक बाहेर काढा. ती वायर अशासाठीच देतात, पण अनेक घरांत ती पाकिटातच पडून असते. शेजारच्या यूएसबी खाचेत हार्ड डिस्क असेल तर काढा. यूएसबी ३.० ची वायर २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट करते आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालतं. आणि वीज टीव्हीच्या यूएसबीतून घेतलेली असेल तर सोबत आलेला अ‍ॅडॅप्टर लावा. स्टिकला ५ व्होल्ट, १ अँपिअर लागतो. टीव्हीची यूएसबी बऱ्याचदा त्याच्या निम्माच देते, शिवाय टीव्ही बंद केला की स्टिकही मरते आणि दर वेळी पहिल्यापासून उठते.

नव्या रिमोटबद्दल: ही स्टिक इन्फ्रारेड ऐकतच नाही, तिच्यात डोळाच नाही. म्हणून नुसता इन्फ्रारेडवाला ‘फायर टीव्हीसाठी’ रिमोट स्टिकला काहीही करू शकणार नाही, टीव्हीचा आवाज तेवढा बदलेल. घ्यायचाच झाला तर ब्लूटूथचा, माइकवाला, आणि स्वतःच्या स्टिकची पिढी जुळवून घ्या. ॲलेक्सा रिमोटची तिसरी पिढी पहिल्या पिढीच्या स्टिकवर चालत नाही.

निखिल_डोंबिवली

एक शंका. आमच्याकडे फायर स्टिक नाही, शाओमीची आहे आणि भावाकडे गूगल टीव्हीवालं क्रोमकास्ट. क्रम हाच का?

खटपट्या

तत्त्व हेच, बटणं वेगळी. शाओमीच्या स्टिकला होम आणि त्याच्या जवळचं ॲप्सचं बटण एकत्र धरा, रिमोट स्टिकच्या अगदी जवळ नेऊन. गूगल टीव्हीवाल्या क्रोमकास्टला बॅक आणि होम एकत्र, रिमोटचा दिवा लुकलुकेपर्यंत. या दोघांना फोनवरून चालवायला गूगल टीव्ही ॲपमधला रिमोट आहे, फोन आणि स्टिक एकाच वाय-फायवर हवेत. जुन्या नावाच्या हॉटस्पॉटची युक्ती तिथेही तशीच चालते.

मेघना_के

सोल्डरगन, टीव्हीच्या रिमोटने काम झालं. सिम्पलिंक बंद होतं, चालू केल्यावर बाण हलले. अल्कलाइन सेल आणले, स्टिक वायर लावून बाहेर काढली आणि ‘अ‍ॅड न्यू रिमोट’च्या पानावर होम धरल्यावर रिमोटचं नाव आलं. वाय-फायही बदललं. तिथल्या यादीत आधीचा एक तुटलेला रिमोट अजून दिसतोय. तो काढावा का?

सोल्डरगन

काढा. स्टिकला सगळे मिळून सातच रिमोट आणि कंट्रोलर जोडता येतात, फुकट जागा अडवू नये. त्या नावावर थांबून मेनू बटण दाबा, ‘अनपेअर’ येईल. मात्र दोन्ही नावं सारखीच दिसत असतील तर आधी चालू रिमोटची खूण पटवून घ्या: नावावर थांबलं की बाजूला त्याची माहिती येते. आणि सिम्पलिंक चालूच ठेवा.