‘ड्राय नीडलिंग’ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी: रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करते आहे. मानेच्या, पाठीच्या जुनाट दुखण्यावर ड्राय नीडलिंग, असा विषय. मी ‘कोरडी सुई’ लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘शुष्क सूचिवेधन’ केलं. दुखण्याने बेजार माणूस हे वाचून काय समजेल? पण ‘कोरडी सुई’ही मला पुरतं पटत नाही. सुई ओली कधी असते?

काजवा: मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोरडेपणा सुईचा नाही, टोचण्याचा. ही सुई पोकळ नसते, भरीव आणि अगदी बारीक असते. तिच्यातून औषध जाऊच शकत नाही. आधी स्नायूतल्या गाठीत भुलीचं औषध टोचत. १९७९ साली कारेल लेविट या झेक डॉक्टरांनी लेखात मांडलं, की आराम नुसत्या सुईनेही पडतो. मी रुग्णांना ‘बिनऔषधाची सुई’ सांगतो, लगेच कळतं.

मोरपीस: ते वर्णन झालं, नाव नव्हे. कोरडा खोकला, कोरडी ओकारी, कोरडी सहानुभूती: बाहेर यायला हवं ते आत नाहीच, हा अर्थ मराठीत मुरलेला आहे. ‘कोरडी सुई’च ठेवा.

जुनीवही: ‘सूचिवेधन’ इतक्या सहज मोडीत काढू नका. त्यातून सूचिवेधक, सूचिविद्ध असे शब्द निघतात; ‘कोरडी सुई’तून काय निघणार? ‘शस्त्रक्रिया’, ‘रक्तदाब’ही घडवलेलेच शब्द, आज सगळ्यांच्या तोंडी आहेत.

काजवा: सूचिवेधन म्हटलं की लोक अॅक्युपंक्चर समजतात. तिथे शरीरातल्या ऊर्जेच्या वाहिन्या मानतात. इथे बोटांनी चाचपून ताठरलेला पट्टा आणि त्यातली दुखरी गाठ शोधतात. हा घोळ पत्रकात नको.

पाणकोंबडी: मी घेतली आहे. सुई खांद्यात आणि दुखलं कानशिलात! स्नायू टचकन उडला, पुढे दोन दिवस जागा ठणकत होती. ट्रिगर पॉइंटला, म्हणजे त्या दुखऱ्या गाठीला, काय लिहिलंत?

शब्दवेडी: ‘उद्दीपन बिंदू’. तोही खटकतो.

मोरपीस: अहो, ‘कळ’ आहे ना! यंत्राची कळ दाबतो तीही कळ आणि अंगातून जाते तीही कळ. एकीकडे दाबलं की दुसरीकडे उठते. ‘कळीची जागा’ लिहा. दोन्ही कळा मुळात एकच असाव्यात, असं मला फार वाटतं.

जुनीवही: उच्चार जुळला म्हणजे मूळ जुळलं असं होत नाही. आणि ‘कळीची’ वाचून लोकांना ‘कळीचा मुद्दा’ आठवेल.

काजवा: शिवाय कळ सणकन येते. हे दुखणं बहुतेकदा बोथट, खोल, नेमकं बोट ठेवता न येणारं. रुग्ण ‘रग’ म्हणतात. शब्द कोणताही घ्या, पण छातीजवळ सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं, हे पत्रकात स्पष्ट येऊ द्या. आराम टिकतोच असंही लिहू नका. पुरावा मुख्यतः थोड्या काळाच्या आरामाचा आहे.

शब्दवेडी: दोन्ही वाक्यं घालते. पण शीर्षक?

पाणकोंबडी: ‘रग’ नाही पटलं. रग कामाने लागते आणि रात्रभर झोपलं की जाते. माझं दुखणं तीन वर्षं होतं.

मोरपीस: म्हणूनच म्हणते, कळ.