बदलता, जुळवता की समायोज्य?

वाहक: ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवरचा लेख मराठीत करतोय. आउटपुट इम्पिडन्स (बाहेर जाणाऱ्या करंटला सर्किटचा स्वतःचा एकूण अडथळा, मराठीत 'संरोध') हवा तेवढा ठेवता येईल असं सर्किट, हा विषय. मी 'बदलता संरोध' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी काट मारली. संरोध आपसूक बदलतो असा अर्थ होतो म्हणे. 'समायोज्य' फार जड वाटतो. काय लिहावं?

काना_मात्रा: काट योग्यच आहे. 'बदलता काळ' म्हणतो तेव्हा काळाला बदलणारा कुणी नसतो. 'जुळवता येणारा' लिहा.

अर्धवाहक: 'जुळवता' नको! इम्पिडन्स मॅचिंगला, म्हणजे जोडलेल्या दोन सर्किटांचे इम्पिडन्स एकमेकांना साजेसे करण्याला, आम्ही 'जुळवणं' म्हणतो, वाचक तिकडेच जाईल. मात्र फरक जपायलाच हवा. एमिटर फॉलोअर घ्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या एमिटरवरून आउटपुट घेणारं सर्किट. आउटपुट इम्पिडन्स ढोबळमानाने २५ मिलिव्होल्ट भागिले एमिटर करंट, अधिक सिग्नल देणाऱ्या सोर्सचा रोध भागिले बीटा (ट्रान्झिस्टर करंट किती पट करतो तो आकडा). १ मिलिअँपिअरला पहिला भाग २५ ओहम, ५ ला ५ ओहम. बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचा करंट, आपण ठरवला तर 'बदलता येणारा'. सिग्नलच्या झोक्यासरशी करंट हलला की तोच 'बदलता'. एकाच सर्किटात दोन्ही.

वाहक: लेखात बायस नाही, फीडबॅक आहे: आउटपुटच्या व्होल्टेजचा किंवा करंटचा काही भाग इनपुटकडे परत न्यायचा. इनपुटला विरोध करतो तो ऋण, साथ देतो तो धन. ऋण व्होल्टेज फीडबॅकने संरोध उतरतो, ऋण करंट फीडबॅकने चढतो. दोन्हींचं प्रमाण पॉट (बटण फिरवून बदलता येणारा रोध) फिरवून ठरवायचं.

देशी_बोल: पण मुळात 'संरोध' कशाला? इम्पिडन्सच्या मुळाशी लॅटिन 'इम्पेदिरे' आहे, म्हणजे पाय अडकवणं. आपल्याकडे 'पायबंद' आयता आहे.

काना_मात्रा: तो फारसी. 'संरोध'मधला 'सम्' नेमकं काम करतो: रोध आणि रिअ‍ॅक्टन्स (कॉइल-कपॅसिटरचा अडथळा), दोन्ही मिळून.

देशी_बोल: फारसी म्हणून परका? मग जमीन, कागद, दरवाजा, सगळंच टाका. पायबंद शेतकऱ्यालाही कळतो. संरोध कोश उघडल्याशिवाय कळत नाही.

अर्धवाहक: ब्रिटिश अभियंता ऑलिव्हर हेविसाइडने १८८६ मध्ये 'इम्पिडन्स' आणला तेव्हा तोही कुणाच्या तोंडी नव्हता, वापरून रुळला. शिवाय करंट फीडबॅक धन करून वाढवत नेला की आउटपुट इम्पिडन्स शून्याखाली जातो. लोड, म्हणजे आउटपुटला जोडलेलं उपकरण, जास्त करंट ओढेल तसा व्होल्टेज पडण्याऐवजी चढतो. 'ऋण संरोध' म्हणता येतं. 'ऋण पायबंद' कसं म्हणणार?

देशी_बोल: जसं 'ऋण रोध' म्हणता तसंच. रोध म्हणजे तरी अडवणंच ना? तो ऋण झालेला चालतो, मग पायबंदालाच का अडवता?

काना_मात्रा: कारण रोधाला एकक आहे, तो मोजता येतो. पायबंद घालतात किंवा काढतात, अर्धा नसतो.